पिसवांची तक्रार

एकनाथांचे विंचवाचे भारूड वर्गात शिकवण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. विंचू म्हणजे काम-क्रोध, वेदना म्हणजे तमोगुणाचा ताप, उतारा म्हणजे सत्त्वगुण, असे फळ्यावर दोन रकाने आखून लिहिले की रूपक सुटले आणि गुणही मिळाले. आम्ही असेच शिकलो आणि पुढे बरीच वर्षे असेच शिकवत आलो. या दोन रकान्यांत एक गोष्ट कोठेच बसत नाही, ती म्हणजे खरा विंचू. सोळाव्या शतकात पैठणला हे भारूड ऐकणारी माणसे जमिनीवर झोपणारी, अंधारात अनवाणी चालणारी आणि सरपणात हात घालणारी होती. विंचू चावल्यावर माणूस कसा नाचतो, कसा घामाने निथळतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. ते हसत होते ते त्या ओळखीने, आणि नाथांनी नेमके तिथेच बोट ठेवले. रूपकाचे सगळे बळ त्या अनुभवाकडून उसने आणलेले आहे. आपण रूपक ठेवले आणि अनुभव विसरलो.

या लेखात आम्हांला रूपकाच्या अलीकडे राहिलेल्या या जीवांविषयी लिहायचे आहे, आणि तेही पैठणहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यावर लागणाऱ्या बीड जिल्ह्याला धरून. तिथे ऑगस्ट १९९४ मध्ये एका लहान गावाने पिसवांविषयी तक्रार केली होती. त्या तक्रारीपर्यंत पोचायला थोडे मागून यावे लागेल.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी छतावर मातीचे थर घालून केलेले माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, त्याचे आम्हांपैकी काहींना अजून अप्रूप आहे. त्याच भिंतीत धान्याचे बळद, जमिनीच्या पोटात पेव, कोपऱ्यात शेणाने लिंपलेली कणगी. जमीन शेणाने सारवलेली आणि गोठा अनेकदा त्याच छपराखाली. अशा घरात माणसाइतकाच हक्क इतरांचाही असतो. भिंतीच्या सांदीत विंचू आणि घोण, माळवदाच्या लाकडांत वाळवी, बाजेच्या विणीत ढेकूण, गुरांच्या अंगावर गोचीड, बळदात उंदीर आणि सारवलेल्या जमिनीच्या धुळीत पिसवा. पिसूची अळी त्या धुळीतच वाढते. पंख नसलेला हा कीटक मोठा झाल्यावर उडी मारून उबदार अंग शोधतो.

या सहवासाने भाषेला किती दिले हे शब्दकोशातून नीट उमगत नाही. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून तो ‘जनावर’ होतो. सर्पदंश झाला असे न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. कुरूप वास्तवाला सुंदर शब्द द्यावा अशी काही वाङ्मयीन हौस त्यामागे नाही. नाव घेतले तर तो येईल, ही साधी भीती आहे. विंचू ‘उतरवला’ जातो, आणि उतरवणारा गावात असतोच. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या विंचवाची म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे, तिच्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल. जाता जाता आणखी एक. अंबाजोगाई ही मुकुंदराजांच्या समाधीची आणि दासोपंतांची भूमी. दासोपंतांनी आपले ‘पंचीकरण’ कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिले आणि ती पासोडी टिकली, याचे आपण कौतुक करतो. वाळवीने, कसरीने आणि उंदरांनी जे खाल्ले त्याची यादी मात्र कोणापाशी नाही. जुन्या मराठी वाङ्मयाचे सर्वांत निष्ठुर संपादन या जीवांनी केले आहे आणि वाङ्मयेतिहासात त्यांचा नामोल्लेखही नाही.

आता पिसूकडे. तिचा इतिहास बीडहून दूर, एका बेटावर सुरू होतो. भर घालून एक झालेल्या सात बेटांच्या मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराच्या भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. बंदर, धान्याची गोदामे, दाट वस्तीच्या चाळी. उंदरांना यापेक्षा सोयीचे काही नव्हते. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिनने शोधला होता. जंतू सापडला होता, पण तो उंदराकडून माणसाकडे कसा येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस स्वतःला टोचून घेतली, त्यानंतर महिन्याभरात, ४ फेब्रुवारीस, साथरोगांचा कायदा झाला, आणि तरीही पिसवांवर कोणाचा संशय गेलेला नव्हता.

या अज्ञानाची किंमत काय होती ते पुण्याला विचारावे. रोग घाणीत, हवेत, माणसांच्या अंगावरच्या कपड्यांत आणि देवघरात असावा अशा समजुतीने प्लेग कमिटीचे सोल्जर घरोघर शिरले. जमिनी खणल्या, सामान जाळले, औषधी पाण्याने घरे धुतली. त्या पाण्याने उंदीर शेजारच्या घरात पळाले आणि पिसवा त्यांच्याबरोबर गेल्या, हे आज कळते. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ती घटना प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या, हेही आता पुष्कळांना ठाऊक असते. या दोन्ही मृत्यूंमागे एक कीटक उभा आहे, पण आपल्या इतिहासलेखनात तो दिसत नाही. तिथे साम्राज्य दिसते, स्वाभिमान दिसतो, सेवा दिसते. ते दिसलेच पाहिजे, त्याविषयी आमची तक्रार नाही.

पिसू सापडली ती १८९८ च्या जूनमध्ये, कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना शिवणार नाहीत असे एकाच भांड्यात ठेवले. पिसवांना मात्र मधून जायला वाट होती. निरोगी उंदीर प्लेगने मेला. अनेक वर्षे या शोधाची थट्टाच झाली. पुढे मुंबईत लिस्टन आणि १९०५ नंतर प्लेग आयोगाचे संशोधक यांनी तो पुन्हा पुन्हा सिद्ध केला, तेव्हा कुठे तो मानला गेला. उंदीर मरून थंड पडला की पिसू त्याच्या अंगावरून उतरते आणि दुसरे उबदार अंग शोधते. पुढे १९१४ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. प्लेगच्या जंतूंनी पिसूचे अन्नमार्गाचे तोंडच बुजते. ती रक्त ओढते पण ते पोटात जात नाही. भुकेने वेडी होऊन ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतू जखमेत ओकते. म्हणजे पिसू स्वतःही उपाशी मरत असते. एखाद्या शोकांतिकेच्या लेखकाला सुचले असते तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

पण या सगळ्या शोधांआधी लोकांना एक गोष्ट माहीत होती. ‘उंदीर पडणे’ हा मराठीतला शब्दप्रयोग पाहा. उंदीर मरतात असे कोणी म्हणत नाही, छपरातून, आढ्यावरून ते पडतात. उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर जाई, शेतात झोपड्या पडत आणि गाठीच्या तापाची हूल ओसरेपर्यंत लोक तिथेच राहत. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरातल्या माणसांचीही हीच रीत असल्याचे इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदले होते. कारण सांगता येत नव्हते, उपाय मात्र अचूक होता. पिसवांनी भरलेले घर सोडायचे, ते काही दिवस उपाशी ठेवायचे. विज्ञानाने ज्याला पुढे पंधरा वर्षे घालवली त्याचा अर्धा भाग एका क्रियापदात आधीच साठवलेला होता.

बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. ‘केसरी’च्या अंकांतून पुण्याचा प्लेग जसा दिवसागणिक वाचता येतो तसा मराठवाड्यातल्या खेड्यांचा वाचता येत नाही. राज्यकारभाराची भाषा वेगळी, छापखाने थोडे. देशभरात पहिल्या तीन दशकांत एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने गेली. त्या आकड्यात मराठवाडाही आहे, पण त्याला स्वतःचा आवाज नाही.

नंतर साथ ओसरत गेली. १९५३ साली देशव्यापी मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर डीडीटीची फवारणी होऊ लागली. ती डासांसाठी होती, पण भिंतीवरच्या आणि जमिनीवरच्या पिसवांनाही तिने सोडले नाही. डास पुढे डीडीटीला सरावले. १९७६ साली देशात मलेरियाचे चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. प्लेग मात्र परतला नाही. माणसातला शेवटचा रुग्ण १९६६ साली कर्नाटकात नोंदला गेला आणि त्यानंतर पुरती शांतता. नव्या डॉक्टरांनी प्लेग फक्त पुस्तकात पाहिला. ‘उंदीर पडले’ हे वाक्य ज्यांना अर्थासकट कळत होते ती पिढीही गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मारले ते मुख्यतः त्याच घरांनी ज्यांचे वर्णन आम्ही कौतुकाने केले, दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने. बीड जिल्ह्यात तशी पडझड झाली नाही, पण हादरे जाणवले आणि भीती शिरली. लोक घरात झोपेनात. अंगणात, शेतात, पत्र्याखाली रात्री काढू लागले. धान्य मात्र घरातच राहिले. बळदे भरलेली, माणसांचा वावर नाही, मांजरे माणसांबरोबर बाहेर. उंदरांचे राज्य झाले. भूगर्भातल्या उलथापालथीने रानातले उंदीर गावातल्या उंदरांत मिसळले असावेत, असाही तर्क शास्त्रज्ञांनी केला. तो तर्कच आहे, पण भरलेल्या रिकाम्या घरांची गोष्ट समजायला शास्त्रज्ञ लागत नाही.

इथे आम्हांला थांबावेसे वाटते. शंभर वर्षांपूर्वी उंदीर पडले म्हणून माणसे घर सोडून माळावर जात आणि वाचत. या वेळी माणसे भूकंपाच्या भीतीने घर सोडून बाहेर गेली आणि घर उंदरांच्या ताब्यात गेले. कृती तीच होती, तिचा परिणाम उलटा झाला. परंपरेच्या शहाणपणाविषयी आपण जे गोड लिहितो त्याला हा एक कडू अपवाद म्हणून जोडून ठेवावा.

मामला हे बीड जिल्ह्यातले एक लहान गाव. नावच असे की बातमीच्या मथळ्याला विनोदाचा मोह व्हावा. ऑगस्ट १९९४ च्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार केली, आणि गावात उंदीर मरत असल्याचेही दिसू लागले. महिन्याच्या अखेरीस काही जणांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या, ताप चढला. सप्टेंबरच्या मध्यावर ही बातमी अधिकृतपणे पुढे गेली. अठ्ठावीस वर्षांनी प्लेग परतला होता आणि त्याची पहिली वर्दी प्रयोगशाळेने दिली नव्हती. चावून हैराण झालेल्या माणसांनी ती दिली होती, रोगाच्या सुमारे तीन आठवडे आधी. प्लेगच्या पाठ्यपुस्तकातला क्रम नेमका असाच असतो. आधी उंदीर, मग पिसवा, मग माणूस. गावकऱ्यांनी ते पुस्तक वाचले नव्हते, त्यांना ते अंगावर वाचता आले.

आपल्याला मात्र आठवते ते सुरत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे फुफ्फुसांचा प्लेग दिसू लागला आणि काही दिवसांत लाखो माणसे, त्यांत महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी कामगार, मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. तोंडाला रुमाल बांधलेल्या गर्दीची छायाचित्रे जगभर गेली, टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले, अनेक देशांनी भारताशी विमान वाहतूक थांबवली. हा खरेच प्लेग आहे का, यावर तज्ज्ञांत कडाक्याचे वाद झाले. शेवटी डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने १९९५ साली तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. देशभरात ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू अशी अधिकृत नोंद झाली. त्यांपैकी ५९६ रुग्ण महाराष्ट्रातले, मुख्यतः बीड आणि आसपासचे, आणि महाराष्ट्रातला मृत्यू एकही नाही. गाठीचा प्लेग औषधाला लवकर दाद देतो, फुफ्फुसांचा तितका वेळ देत नाही. म्हणून रुग्ण अधिक असूनही बीड विसरले गेले. माणसे मेली असती तर मामल्याला इतिहासात जागा मिळाली असती, असे म्हणण्याची वेळ यावी हे काही बरे नाही.

वाङ्मयाकडे वळावे तर तिथेही पिसू दिसत नाही. काम्यूची ‘प्लेग’ ही कादंबरी आपण सगळ्यांनी वाचली आहे, तिच्यावर चर्चासत्रे घेतली आहेत, तिच्यातला रोग म्हणजे फॅसिझम की अस्तित्वाची विसंगती यावर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. तीही जिन्यातल्या मेलेल्या उंदरापासून सुरू होते. आम्ही ती मराठवाड्यातल्या वर्गांतही शिकवली, आणि शिकवताना ओरान शहराचा नकाशा काढला. जवळच असलेल्या मामल्याचे नाव त्या तासाला आम्ही एकदाही घेतले नाही. त्या वर्गात बसलेल्या काही मुलांनी लहानपणी तो काळ बीड जिल्ह्यातच काढला असेल. त्यांना विचारायचे आम्हांला सुचले नाही. भारुडातल्या खऱ्या विंचवाला जसे आम्ही वर्गाबाहेर ठेवले होते, तसेच हे.

चावलेल्या माणसाचे बोलणे नीट ऐकले तर काय होते याचे उदाहरण मात्र मराठवाड्यातल्याच एका डॉक्टरांनी घालून दिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. वैद्यकीय नोकरी त्यांना नेऊन गेली कोकणात, महाड तालुक्यात. तिथल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत आणि ते नशिबाचे मानले जाई. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या. उलटी कधी होते, घाम किती सुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कशी चालते, याची बारीक टिपणे ठेवली. विष हृदयावर आघात करते आणि त्याची पूर्वचिन्हे आधीच दिसतात, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन मराठीच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे. ज्या तपशिलाने नाथांचे भारूड ऐकणाऱ्यांना हसवले, घाम, तगमग, नाचणारे अंग, त्याच तपशिलाला या डॉक्टरांनी निदान केले. दोघांनीही वेदनेचे वर्णन खरे मानले होते.

बीडमध्ये आता माळवदाची घरे कमी होत चालली आहेत. सिमेंटच्या फरशीत पिसू वाढत नाही, बळदे बुजली, धान्य पोत्यांत आणि पत्र्याच्या कोठ्यांत गेले. या अर्थाने जुना सहवास संपत आला असे म्हणता येईल. पण बीडच्या लाखो माणसांचे घर वर्षातले पाच-सहा महिने बीडमध्ये नसतेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, हत्याराचे नाव माणसाला देऊन. राहायला कोपी, बांबूच्या चटया आणि पाचटाची, खाली उघडी जमीन. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्यांना लावून कितीतरी वृत्तलेखांचे मथळे झाले. त्या मथळ्यांत विंचू पुन्हा रूपकच असतो.

कोपीत तो पाचटातून येतो. उसाच्या फडात उंदीर असतात, उंदरांमागे घोणस, नाग आणि मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा चावा पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि सोबतच्यांना वाटते झोप झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले ते २०१७ साली. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

पहाटे चारला तोडीला निघायचे असते. कोपीत तान्हे मूल असेल तर त्याला जमिनीवर निजवत नाहीत. आडव्या बांबूला लुगड्याची झोळी बांधतात, गाठ दोनदा ओढून पाहतात आणि मूल तिच्यात, जमिनीपासून हातभर वर, ठेवतात. आई खाली झोपते.